रस्त्यात कोणी भेटलं नाही

काळबांडे सरांच्या तेरवीला कळंबच्या मंगल कार्यालयात बरीच गर्दी होती. सतरंज्यांवर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, समोर खुर्चीवर सरांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. जेवणाआधी चार माणसांनी बोलायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. सरांचा एक जुना विद्यार्थी, आता मोठा कंत्राटदार, माइक घेऊन उभा राहिला. बोलला चांगलं. सरांनी मराठी कसं शिकवलं, फी नसलेल्या मुलांना कसं सांभाळलं, सगळं सांगितलं. आणि मग म्हणाला, "तरण्याताठ्या पोरानं आपल्या हातानं जीव दिला, पण आपले सर खचले नाहीत."

लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेत सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या नातीनं ते वाक्य त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं असावं. त्यांनी मान वळवली आणि गर्दीत कोणाला तरी शोधायला लागल्या. मी मागे खांबाजवळ होतो. त्यांना मी दिसलो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी सतरंजीकडे.

सतीशनं जीव दिला नव्हता. त्या हॉलमध्ये हे खात्रीनं माहीत असलेली दोनच माणसं होती, त्या आणि मी. उठून तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी उठलो तो पंगत बसताना, आणि न जेवता घरी आलो.

हे सगळं माझ्या लिहिण्यानं झालं आहे. तेव्हा जे नीट करायचं ते लिहूनच करावं म्हणून बसलो आहे. पण आधी सर सांगायला हवेत, नाहीतर काय मोडलं ते कळणार नाही.

सर उंच होते आणि थोडे पुढे वाकून चालायचे, कोणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही. ते कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं. "मांगणाऱ्याले द्याले," म्हणाले. "एकदा घेतलं का पुन्हा मांगत नाही तो." सायकल होती, पण गावातून जाताना तिच्यावर बसायचे नाहीत, हातात धरून चालायचे. बसलं की माणसं मागे पडतात, असं त्यांचं म्हणणं. शाळेपासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तास लागायचा.

मी त्याच शाळेत लिपिक होतो. त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. माझ्या खोलीची खिडकी नववीच्या वर्गाला लागून होती, त्यामुळे त्यांचे तास मी फुकट ऐकले. धडा वाचताना त्यांची भाषा एकदम पुस्तकी, स्वच्छ. पुस्तक मिटलं की वऱ्हाडी. एका साहेबांनी तपासणीत हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "पुस्तकातली भाषा पुस्तकाले, आपली आपल्याले. दोघीही राहू द्या जी."

दरवर्षी दिवाळीनंतर ते आठ-दहा दिवस अभ्यासक्रम बाजूला ठेवून वर्गाला गोष्ट कशी होते ते शिकवायचे. त्याला पोरं 'दळण' म्हणायची, आणि सरांना मागून 'दळणवाले सर'. कारण सुरुवात कायम तीच.

"एक माणूस दळण घेऊन गेला. दळून घेतलं. परत आला. झाली का गोष्ट?"

"नाही सर."

"काहून? माणूस आहे, गिरणी आहे, गेला, आला. आणखी काय पाह्यजे तुले?"

"काही झालंच नाही ना सर."

"बरं. मंग लाइट गेली म्हण. आता झाली?"

"लाइट तर रोजच जाते, सर."

वर्ग हसायचा. सर थांबायचे. "हे पहा, पोट्टं बरोबर बोललं. लाइट जाणं म्हणजे गोष्ट नव्हे. आता सांगा, त्याच्या घरी कोण आहे?"

मग एकेक मूल बोलायला लागायचं. घरी मुलगी पाहायला पाहुणे आलेले आहेत. घरात पिठाची चिमूट नाही. बायकोनं मागच्या दारानं त्याला पिटाळलं आहे. आणि गिरणीत लाइट गेली आहे. "हां," सर म्हणायचे, "आता त्याले काहीतरी पाह्यजे आहे, आणि ते भेटून नाही राह्यलं. इथून गोष्ट चालू होते. त्याच्या आधी होतं ते नुसतं दळण."

पुढचे दिवस त्यातच जायचे. गिरणी कुठली? शहरातली नको, आपल्या बसस्टँडमागची सांग, तिचा पट्टा तुटला की किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो माणूस कसा आहे? रागीट असेल तर काय करेल, भिडस्त असेल तर काय करेल? मग एके दिवशी सगळं उलटं करायचे. "आता हेच गिरणीवाल्याकडून सांग." आणि वर्गाच्या लक्षात यायचं की गिरणीवाल्यालाही घर आहे, त्यालाही घाई आहे. शेवटी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीकडून सांगायला लावायचे. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, तिले वाटते लाइट येऊच नये." सरांनी खडू खाली ठेवला. त्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच तास संपवला.

त्यातल्याच एका वर्षाची गंमत आहे. दहावीतल्या एका मुलीनं भित्तिपत्रकात गोष्ट लिहिली. तिच्यातला गिरणीवाला अंधाराचा फायदा घेऊन पीठ काढतो, आणि त्याचं नाव तिनं आमच्या बसस्टँडमागच्या खऱ्या गिरणीवाल्याचंच ठेवलं. तो भुवयांवर पीठ तसंच घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत आला. "मी चोर? माह्या बापापासूनची गिरणी आहे. काहून लेहलं असं?" मुलगी रडायला लागली. सरांनी माफी मागितली आणि संध्याकाळी तिला, तिच्या आईला घेऊन गिरणीवर गेले. गिऱ्हाइकांसमोर तिला ती गोष्ट सगळी वाचायला लावली. गिरणीवाला पट्टा बंद करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "लेहलं चांगलं, बाई. पण नाव बदल. अन् लाइट गेली का मी कंदील लावतो, अंधार नसते. तेही लेह."

तेव्हापासून सरांचा नियम झाला. खऱ्या माणसावर लिहिलंत, तर छापायच्या आधी त्याच्या दारात जाऊन त्याला वाचून दाखवायचं.

सरांची आणखी एक सवय होती, ती आमच्या चहाच्या टपरीवर प्रसिद्ध होती. कोणी काही बातमी आणली की ते विचारायचे, "कोणी पाह्यलं?" एकदा नाल्याकडे वाघ आल्याची आवई उठली. गावभर तेच. टपरीवर एकजण रंगात येऊन सांगत होता. सरांनी विचारलं, "कोणी पाह्यलं?"

"सगळे म्हणून राह्यले, सर."

"सगळ्यायनं एका टायमाले पाह्यला? मंग वाघच पळाला असन घाबरून."

मग ते एकेकाला विचारत गेले, तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, आणि शेवटी प्रकरण एका म्हाताऱ्या बाईंवर येऊन थांबलं. त्यांना झुडपात काहीतरी पिवळं दिसलं होतं. "पाह्यलं कुठून, आणि उजेड केवढा होता, हे समजल्याबिगर कोणाचं काही ऐकू नका," असं ते वर्गातही सांगायचे. गोष्टीत सांगणारा कोण आहे ते आधी ओळखा. त्याला काय दिसतं आणि तो काय लपवतो.

मी त्या काळी कथा लिहायचो. लिहायचो आणि परत यायच्या. प्रत्येक कथा आधी सर वाचायचे. लाल पेन वापरायचे नाहीत, पेन्सिलीनं समासात एखादी रेघ. एकदा म्हणाले, "शरद, तुह्या कथेत सगळे सज्जन. कोणाचं कोणापाशी काही अडत नाही. अशी वस्ती भेटली तर मी तिथं प्लॉट घेईन, पण वाचणार नाही बाप्पा." मला राग आला होता. पण घरी जाऊन पाहिलं तर खरं होतं. माझ्या माणसांना काही हवंच नव्हतं.

सरांना दोन मुलं. मोठी मुलगी लग्न होऊन पुसदला गेली होती. सतीश धाकटा. बारावीत होता. बापासारखा उंच, आणि नकला करण्यात पटाईत. मुख्याध्यापक, शिपाई, मी, कोणाला सोडायचा नाही. अभ्यासात मात्र बेताचा. सरांना ते लागायचं. दुसऱ्यांच्या मुलांपाशी धीर धरणारा माणूस स्वतःच्या मुलापाशी अधीर व्हायचा.

हिवाळ्याचे दिवस होते. सराव परीक्षेचे मार्क आले होते. त्या सकाळी सर अंगणात सतीशवर ओरडले. आवाज बाहेर गेला. "तुह्यानं काही होणार नाही," हे वाक्य दोन-तीन घरांनी ऐकलं. सतीश काही न बोलता सायकल काढून शेताकडे गेला. गावाबाहेर, नाल्यापलीकडे सरांचं थोडं शेत होतं. त्यात त्या वर्षी तूर होती.

दिवस कलायच्या आधी शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. सतीश विहिरीत सापडला होता. पंपाचा खालचा व्हॉल्व्ह अडकला होता, विहिरीच्या काठावर पान्हा पडलेला होता, आणि आतल्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. पोलिसांनी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद केली.

पण सकाळचं वाक्य दोन-तीन घरांनी ऐकलं होतं. अर्धं गाव म्हणालं, पाय घसरला. अर्धं गाव हळू आवाजात म्हणालं, सर बोलले होते ना सकाळी त्याला. सर स्वतः कुठल्या अर्ध्यात होते ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी त्या दिवसांत कोणाला एकदाही विचारलं नाही, कोणी पाह्यलं.

मी पाहिलं होतं. सतीश शेताकडे जाताना नाल्याच्या पुलावर मला भेटला होता. आम्ही बोललो होतो. तो मरायला निघालेला मुलगा नव्हता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. सुरुवातीला मी ते सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही आणि त्या घरात शब्द काढायची सोय नव्हती. सांगू, जरा हे दिवस जाऊ देत, असं म्हणत राहिलो. नंतर सांगितलं नाही त्याचं कारण वेगळं.

वर्ष उलटल्यावर मी एक कथा लिहिली. तालुक्याच्या गावातला मराठीचा मास्तर, दुसऱ्यांच्या मुलांना जपणारा, स्वतःच्या मुलाशी कठोर. सकाळचं एक वाक्य. सायकल. विहीर. नावं बदलली होती. पहिल्या खर्ड्यात पुलावरची भेट होती. ती वाचताना कथा तिथेच बसकण मारत होती. मुलगा हसतखेळत विहिरीवर जात असेल तर बापाचं सकाळचं वाक्य हे फक्त वाक्य राहतं, घराघरांत रोज बोललं जातं तसलं. त्याला वजनच उरत नाही. सरांनीच शिकवलं होतं की नुसती लाइट जाणं म्हणजे गोष्ट नव्हे. मी ती दोन पानं काढून टाकली. आता मुलगा घरापासून विहिरीपर्यंत एकटा जात होता, वाटेत कोणी नाही, डोक्यात बापाचा आवाज. कथा उभी राहिली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक कथा उभी राहिली.

नाव घेतलेलं नाही, तेव्हा दारात जाऊन वाचायचं काही कारण नाही, असं मी मनाला सांगितलं.

एका दिवाळी अंकात ती छापून आली, तिला बक्षीसही मिळालं. गावात सत्कार झाला. अंकाची एक प्रत टपरीवर महिनाभर फिरत होती, पानं चहानं चिकटलेली. माणसं मला थांबवून सांगायची, "शरदभाऊ, जसंच्या तसं लेहलं." त्यानंतर गावात कोणी पाय घसरला म्हणालं नाही.

सर एका दुपारी माझ्या खिडकीशी आले. हातात अंक होता. मी खुर्चीतून उठलो. त्यांनी बस म्हणून खूण केली आणि उभ्यानंच पानं चाळली.

"चांगली आहे," म्हणाले. "माणूस आहे, गाव आहे. त्याले काय पाह्यजे तेही आहे. शेवट घाईचा नाही. शिकला तू."

त्यांनी अंक मिटला.

"एक विचारतो. पोराले तू घरून काढलं अन् थेट विहिरीवर नेलं. रस्ता तर लांब आहे. नाला आहे, पूल आहे. दिवसाढवळ्याचा टाइम. त्याले रस्त्यात कोणीच भेटत नाही?"

त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता. मी त्या हाताकडे बघून म्हणालो, "कथेत गरज नव्हती, सर."

त्यांनी गजावरचा हात काढून घेतला. "बरोबर आहे," म्हणाले. "भेटला असता तर गोष्ट मोडली असती." अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेले.

अंक घरी सुमनवहिनींनीही वाचला होता. त्या फारसं बोलणाऱ्या नव्हत्या. आमच्या घरी माझ्या बायकोकडे आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मले वाटे पाय घसरला. शिकल्यासवरल्या माणसानं लेहलं म्हणजे खरंच असन ना." त्या महिन्यात त्या माहेरी फुलसावंगीला भावाकडे गेल्या आणि वर्षभर आल्या नाहीत. सर दर रविवारी एसटीनं फुलसावंगीला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. भावानं पुढे सांगितलं की ते ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, वहिनी आतून बाहेर यायच्या नाहीत. तरी जायचे. वर्षानं त्या आल्या. एका घरात राहिले. बोलणं भाजी, दूध, लाइट बिल यापुरतं.

दळण बंद झालं. दिवाळीनंतर सर वर्गात प्रयोग आणि समास शिकवायला लागले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हणाले, "गोष्टी पोट्टे आपापल्या शिकतात. व्याकरण कोणी शिकवत नाही."

ते निवृत्त झाले त्या दिवशीची एक गोष्ट सांगतो. निरोपाचा कार्यक्रम होता, जुने विद्यार्थी आले होते. कोणीतरी मागून ओरडलं, "सर, एकदा दळण होऊन जाऊ द्या." टाळ्या पडल्या. सर नाही म्हणाले, पोरं ऐकेनात. मग उठले. माइक नको म्हणाले.

"एक माणूस दळण घेऊन गेला," ते म्हणाले. "दळून घेतलं. परत आला."

सगळे थांबले. आता 'झाली का गोष्ट' येणार म्हणून काहींनी 'नाही सर' म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"बस," सर म्हणाले. "परत आला. याच्यावर चांगली गोष्ट मले माहीत नाही." आणि बसले.

हसावं की काय ते लोकांना कळलं नाही. मग कोणीतरी हार आणले.

पुढची वर्षं मी त्यांना टाळलं. लहान गावात एखाद्या माणसाला टाळणं हे रोजचं काम असतं, पण जमतं. ते टपरीवर यायच्या वेळी मी जायचो नाही. मी नंतर बऱ्याच कथा लिहिल्या. त्यातली एकही कोणाला आठवत नाही. ती एक आठवते.

मागच्या हिवाळ्यात एका प्राध्यापकांचा फोन आला. निवडक कथांचं पुस्तक करत होते, त्यात माझी ती कथा हवी होती. परवानगी मागून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "हा अनुभव खरा आहे ना? कुठेच खोटं वाटत नाही." मी उद्या सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या घरी गेलो.

सर ओट्यावर उन्हात बसले होते. पंचाऐंशीच्या घरात असतील. मान थोडी हलायची, पण डोळे तेच. मला पाहून खुर्चीकडे हात केला. इतक्या वर्षांत आला नाहीस, असं काही म्हणाले नाहीत.

मी सांगितलं. तयारी करून गेलो होतो, पण ती तयारी काही कामाची नव्हती. एकदम मधूनच सांगायला लागलो. "सर, सतीश मला भेटला होता. त्या दिवशी. नाल्याच्या पुलावर."

त्यांची मान हलायची थांबली.

तो सायकलवरून उतरला, मी सांगितलं. मला थांबवलं. तुमची नक्कल केली. नसलेला चष्मा बोटानं नाकावर ओढला, कमरेवर हात ठेवला आणि तुमच्या आवाजात म्हणाला, "सतीश, तुह्या आयुष्याले कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद कुठी हरवलं?" आणि स्वतःच हसला. मीही हसलो. मग म्हणाला, "काका, घराकडे चालले ना? आईले सांगजा, तुरीच्या शेंगा आणून राह्यलो. दाणे सोलून सोल्यांची आमटी करजा म्हणा. बाबाले आवडते. राग उतरते त्याईचा." पंप चालू करून येतो म्हणाला. मी हो म्हणालो. वाटेत एका ओळखीच्याकडे चहाला थांबलो आणि निरोप विसरलो. संध्याकाळी आठवला, तोवर तुमच्या अंगणात माणसं जमली होती.

सर पुढे सरकले. मग विचारायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, शिकवण्याची जुनी सवय आहे. पण ती नव्हती.

"स्वेटर होतं का अंगात?"

"हो. निळं."

"अन् पायात?"

"चपला."

"हसला म्हणतो. कसा हसला? आवाज करून?"

"हो सर. मान मागे टाकून."

"हां. तसाच हसे तो." थोड्या वेळानं, "बाबाले आवडते, म्हणला?"

"हो."

"राग उतरते म्हणला?"

"हो सर."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी चष्म्याचं सांगायचं विसरलो तर त्यांनी स्वतः बोट नाकावर नेऊन दाखवलं आणि माझ्याकडे पाहत राहिले, मी मान हलवीपर्यंत.

मग म्हणाले, "काहून नाही सांगतलं बे?" आयुष्यभर त्यांनी मला बे म्हटलं नव्हतं.

"गोष्ट मोडत होती, सर."

"मी आलतो तुह्या खिडकीशी," ते म्हणाले. "तेच विचाराले आलतो. सरळ विचाराची हिंमत नाही झाली. कथेचं निमित्त केलं."

"मला तेव्हाच कळलं होतं, सर."

हे मी कशाला सांगितलं, माहीत नाही. पण ते खरं होतं, आणि त्या दिवशी अर्धवट सांगून भागणार नव्हतं. त्यांचा चेहरा मी नीट पाहू शकलो नाही. ते एवढंच म्हणाले, "आता जा. पुन्हा येऊ नको."

मी गेलो नाही पुन्हा. प्राध्यापकांना कथा द्यायची नाही असं कळवलं. सर उन्हाळ्यात गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच. मी ओट्यावरून उतरून चपला घालत होतो. सर काठी न घेता, भिंतीला धरून अंगणातून मागच्या बाजूला निघाले. वहिनी तिथे उभ्या करून ठेवलेल्या बाजेच्या सावलीत बसून मेथी निवडत होत्या. त्यांना आता कमी ऐकू येतं. सर त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. इतक्या वयात खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला. वहिनींनी दचकून वर पाहिलं. सर त्यांच्या कानाशी वाकले आणि बोलायला लागले.

त्यांना सांगता येत नव्हतं. आधी आमटी म्हणाले, मग पूल, मग शरद भेटला त्याले म्हणाले, मग पुन्हा आमटी. "काय म्हणता? कोणाची आमटी? कोण आलतं?" वहिनी विचारत होत्या. "थांब, पह्यलेपासून सांगतो," म्हणाले, आणि पुन्हा मधूनच सुरू केलं. हसून राह्यला होता म्हणाले. चष्मा म्हणाले. बोलता बोलता ते पुढे कलले. वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, पडतील म्हणून.

मी फाटकाची कडी लावत होतो. सरांनी श्वास घेतला आणि त्यांच्या कानाशी, माझ्यापर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "सुमन, सतीश जेवाले येणार होता."